माथ्यावरचा थांबा

जत्रेतला आकाशपाळणा किती वेळ फिरणार, हे खाली थांबलेल्या बारीवर ठरतं. जवळा बाजारच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमचा तालुका औंढा नागनाथ. महाशिवरात्रीला औंढ्याची यात्रा आणि दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचं प्रदर्शन, या दोन ठिकाणी इकडची लेकरं पहिल्यांदा जमीन सोडतात. औंढ्याला तर एकाच दिवसात दोन बाऱ्या लावाव्या लागतात, एक देवाची आणि एक पाळण्याची. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. चिंचोळ्या पायऱ्यांवरून वाकून उतरायचं, त्यामुळे एका वेळी आत मोजकीच माणसं मावतात. बाहेर बारी कितीही लांबली तरी ती पायरी रुंद होत नाही. पाळणेवाल्याची गोष्ट निराळी. त्याची पायरी रबरी आहे. (नामदेव महाराजांच्या कीर्तनासाठी इथलं देऊळच फिरलं, अशी कथा आहे. तेव्हा या गावात फिरण्याचा मान काही एकट्या पाळण्याचा नाही.)

पाळण्याचं कौतुक करायचं तर ते चाक सुरू होण्याआधीपासून करावं. ट्रकमधून उतरलेल्या लोखंडाच्या ढिगातून हे चाक उभं राहतं आणि ते उभं राहतं काळ्या मातीवर. हिंगोलीचा दसरा पावसाळ्याच्या शेपटाला येतो. तेव्हा ही माती ओल धरून फुगलेली असते, म्हणून पायाखाली लाकडी ओंडके आणि फळ्यांची थप्पी जास्त लागते. महाशिवरात्रीपर्यंत तीच माती वाळून तडकते. एकाच चाकाला एकाच जिल्ह्यात दोन वेगळे पाये घालावे लागतात. तिकीट काढण्याआधी मी चाकाऐवजी खाली बघतो. थप्पी सरळ आहे का, खिळींना आडव्या पिना मारल्यात का, रिकामं चाक फिरताना माथ्याशी डुलतं का. तिथं शंका आली तर पुढच्या रसग्रहणाला अर्थ नाही, जिलबी खाऊन घरी जावं.

आता बसवण्याचं काम. समजा १६ डबे आहेत आणि एका डब्यात समोरासमोर चार माणसं. रिकाम्या चाकात कडेनं एकामागून एक डबे भरत गेलं तर सगळं वजन एका बाजूला येईल, चाक वर जाताना कुंथेल आणि खाली येताना धावत सुटेल. म्हणून जाणता पाळणेवाला एक डबा भरतो, चाक अर्धं फिरवतो आणि बरोबर समोरचा डबा भरतो. मग मधले. बारीत उभ्या माणसांचा अंदाज तो डोळ्यांनीच घेतो. चार थोराड गडी एका डब्यात गेले की समोरच्या डब्यात तीन पोरी कधी पाठवणार नाही. ‘तुम्ही थांबा, मावशी, तुम्ही या’ असं तो म्हणतो तेव्हा मावशींना मान मिळाल्यासारखं वाटतं. तो तराजू सारखा करत असतो. पोऱ्या गुडघ्यानं डबा अडवून धरतो, कडी काढतो, पदर आणि ओढणी आत घ्यायला लावतो, कडी घालतो आणि लोखंडावर दोन थापा मारतो. त्या थापांवर लिव्हर हलतो.

या रीतीचा एक सुंदर परिणाम आहे. सगळ्यात आधी बसलेला माणूस लगेच अर्धं चाक फिरून थेट माथ्यावर जाऊन थांबतो, कारण खाली समोरचा डबा भरतोय. वर कोणी काही करत नाही. डबा स्वतःच्या अंगानं थोडा झुलतो, कर्ण्याचा आवाज खालून येतो, शिखर, ट्रकांची रांग, पलीकडची शेतं एकदम दिसतात. खालच्या गैरसोयीतून हा वरचा थांबा जन्माला आला आणि पाळण्यातली सगळ्यात चांगली जागा तीच आहे. कुणी मुद्दाम आखायला बसला असता तर त्याला ती सुचली असती की नाही, मला शंका आहे.

वेळेचा हिशेब तर आणखी मजेदार आहे. चढवलं त्याच क्रमानं उतरवलं, तर प्रत्येकाला अगदी सारखाच वेळ मिळतो. पण त्या वेळेचा पोत सारखा नसतो. पहिल्या डब्यातल्याला आधी थांबत थांबत वर जाणं मिळतं आणि मग मोकळ्या, भरधाव फेऱ्या. म्हणजे विलंबित, मग द्रुत, जशी मैफल असावी तशी. शेवटी बसलेल्याची कडी लागते न लागते तोच चाक सुटतं. त्याला द्रुत आधी आणि विलंबित नंतर, तेही उतरायची घाई झालेल्या माणसांच्या संगतीत. पैसे सारखे, मिनिटं सारखी, पण दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या. म्हणून चाक पूर्ण रिकामं झाल्यावर जी पहिली चार माणसं चढतात त्यांत असावं. त्यासाठी चार जणांना पुढं जाऊ द्यावं लागलं तरी चालेल.

गर्दी वाढली की काय होतं? एक डबा रिकामा करून भरायला २० सेकंद धरू. १६ डब्यांना पाच मिनिटं २० सेकंद लागतात. त्यात तीन मिनिटं मोकळं फिरवलं की एक पाळी सव्वाआठ मिनिटांच्या आसपास जाते आणि तासाला साधारण ४६० माणसं बसतात. आळशी पाळणेवाला इथं मोकळ्या फेऱ्या कापतो. तीन मिनिटांचं एक मिनिट केलं की तासाला ६०० च्या थोडी वर माणसं जातात, आणि उतरणारं प्रत्येक पोर ‘बस एवढंच?’ म्हणत उतरतं. चांगला पाळणेवाला मोकळ्या फेऱ्यांना हात लावत नाही, तो कडीवर दोन पोरं जास्त उभी करतो. सुटे पैसे आधीच हातात, चपला काढायचा घोळ नाही, एका बाजूनं उतरा, दुसऱ्या बाजूनं चढा. डब्याला १० सेकंद लागू लागले तर पूर्ण तीन मिनिटं फिरवूनही तासाला पावणेसातशे माणसं होतात. कर्ण्यावरचं ‘चला बसा, बसा पटकन’ आपल्याला गलका वाटतो, पण आपल्या तीन मिनिटांची राखण तोच करत असतो. मात्र १० सेकंदांत माथ्यावरचा थांबाही निम्मा होतो, आणि तिथं माझं आणि पाळणेवाल्याचं जमत नाही. मला १५ सेकंद हवेत.

जगातल्या पहिल्या महाकाय चाकाला हा पेच चुकला नव्हता. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसनं ८० मीटर उंचीचं चाक उभारलं. त्याला ३६ डबे होते, प्रत्येकात ६० माणसं, म्हणजे एकदम २,१६० जण. त्यानं चढण्या-उतरण्यासाठी खाली एकाऐवजी अनेक फलाट केले आणि एकदम सहा-सहा डबे भरले. पहिली फेरी थांबत थांबत, दुसरी न थांबता, मिळून वीसेक मिनिटं. विलंबित-द्रुतचा तोच क्रम, फक्त द्रुत फारच संथ. लंडन आयनं २००० साली थांबाच काढून टाकला. १३५ मीटर उंच, ३२ काचेचे डबे, अर्ध्या तासाची एक फेरी. चाक इतकं सावकाश फिरतं की चालत्या डब्यात माणूस चढतो. क्षमतेच्या दृष्टीनं याहून साफ उत्तर नाही. पण माथ्यावर थांबणं गेलं आणि पोटात गोळा येणंही गेलं. ते उत्तम गच्ची आहे, पाळणा म्हणवत नाही.

पोटातला गोळा लहान चाकात येतो, हे गणितानंही दिसतं. १४ मीटर व्यासाचं चाक मिनिटाला आठ फेऱ्या मारू लागलं की माथ्यावर आपलं वजन निम्मं भासतं आणि तळाशी दीडपट. कडेचा वेग तर ताशी २१ किलोमीटरच, मोपेड याहून जोरात जाते. वर समोरासमोर बसण्याची कमाल वेगळीच. उतरताना एकाला जमीन अंगावर येताना दिसते, दुसरा पाठीवर पडत जातो. आपला गोळा आपल्याला जाणवतोच, पण समोरच्या आत्याबाईंचा चेहराही दिसतो. शेजारी-शेजारी बसवणाऱ्या यंत्रांनी या अर्ध्या आनंदावर पाणी सोडलंय.

खोपोलीजवळच्या इमॅजिकातला नायट्रो हा रोलरकोस्टर २०१३ पासून आहे. साधारण ४० मीटर उंची, पायाखाली फरशी नाही. तिथं फेरीची लांबी रुळांनीच ठरवून टाकलीय. बारी दाराबाहेर गेली तरी चालवणारा एक वळण कमी करू शकत नाही, आणि बारी नसली तरी वाढवू शकत नाही. रुळांचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एकच गाडी, त्यामुळे तासाची माणसं ठरतात ती गाडी किती वेळानं सुटते यावर. रूळ लांब केले आणि गाड्या वाढवल्या तर क्षमता घटत नाही. चाकाचं तसं नाही, तिथं मोकळी फेरी वाढवली की बारी फुगते. गोराईच्या एस्सेलवर्ल्डनं १९८९ पासून मराठी घरांना एका तिकिटात दिवसभर सगळं काही ही सवय लावली आणि तेव्हापासून बारीचा हिशेब माणूस स्वतःच्या घड्याळावर करू लागला: दिवसात किती झाले? जत्रेत दर पाळीला पैसे मोजायचे असल्यानं प्रश्न उलटा पडतो. ही एक पाळी कशी झाली?

दुपारी तीनच्या सुमाराला, बाया-माणसं जेवून झाडाखाली आडवी झालेली असताना, पाळण्यापाशी जावं. बारी नसते. रिकामं चाक उभं दिसलं तर गिऱ्हाईक येत नाही, म्हणून पाळणेवाला आहेत त्या चार डब्यांना समोरासमोर वाटून फिरवत राहतो. गावच्या शहाण्या पोरांना ही वेळ ठाऊक असते. मोकळ्या फेऱ्या संपत नाहीत, मग चाक मंद होतं, कुणीतरी नवं चढतं, तेवढ्यात आपण माथ्यावर थांबलेलो असतो, आणि पुन्हा सुरू. रात्री आठला याच तिकिटाला याच्या निम्मं मिळतं. पण रात्री दिवे असतात आणि खाली ओळखीचे बघत असतात, त्यामुळे रात्रीची पाळी कुणी स्वस्तात सोडत नाही.

अलीकडे काही चाकांवर घंटीचं घड्याळ बसवलेलं असतं. ठरलेली मिनिटं झाली की घंटी, मग दुपार असो की रात्र. भांडणं कमी झाली म्हणतात, झालीही असतील. लिव्हरवरच्या माणसानं बारीकडे एकदा बघून ‘अजून दोन घ्या’ म्हणण्याची सोय मात्र गेली. शेजारच्या ब्रेक डान्स पाळण्याला हे घड्याळ पहिल्यापासून आहे आणि तिथं ते हवंच. जेवून त्यात बसलेल्या माणसाचं रसग्रहण शेजारी बसणाऱ्याला करावं लागतं.