भाड्याची वही आणि भूतदया

आक्टेव्हिया हिल या इंग्रज बाईंचें ‘होम्स ऑफ दि लंडन पूअर’ हें पुस्तक १८७५ सालीं प्रसिद्ध झालें. नियतकालिकांतून आलेल्या लेखांचा हा लहानसा संग्रह हातीं घेतला तेव्हां दारिद्र्याचीं करुण वर्णनें वाचावयास मिळतील, अशी आमची समजूत होती. ती सपशेल खोटी ठरली. येथें अश्रू थोडे आणि हिशेब फार. पुस्तकाचें सामर्थ्य त्यांतच आहे, आणि आमची तक्रारही तेथूनच सुरू होते.

त्या काळीं लंडनांतील मजुरांच्या घरांचा प्रश्न मुख्यतः धनिकांच्या औदार्यावर सोडलेला होता. जॉर्ज पीबॉडी या अमेरिकन पेढीवाल्यानें १८६२ सालीं दीड लाख पौंड दिले, व पुढें हा आंकडा पांच लाखांपर्यंत गेला. त्या निधीची पहिली इमारत स्पिटलफील्ड्स भागांत १८६४ सालीं उभी राहिली. सिडनी वॉटरलो यांच्या १८६३ सालच्या कंपनीनें भागीदारांस शेंकडा पांच नफा देऊन तेंच कार्य आरंभिलें. हिलबाईंनीं मात्र नवें कांहींच बांधलें नाहीं. १८६५ सालीं जॉन रस्किन यांनीं मेरिलबोनमधील ‘पॅरडाइज प्लेस’ या गल्लींतलीं तीन गलिच्छ घरें घेतलीं (गल्लीला स्वर्गाचें नांव देणारा गृहस्थ विनोदी असला पाहिजे!) आणि भांडवलावर शेंकडा पांच सुटावे या अपेक्षेनें तीं बाईंच्या हवालीं केलीं.

यापुढची हकीकत वाचण्यासारखी आहे. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठीं वर्षाची रक्कम ठरलेली असे. मोडतोड कमी होऊन तींतून जें उरेल तें भाडेकरी सांगतील त्या सोयीवर खर्चावयाचें. मग खिडकीची कांच फोडणाऱ्या पोराचा कान शेजारीणच धरील, हें सांगावयास नको. जिने व बोळ धुण्याचें काम घरांतल्याच मोठ्या मुलींस मजुरी देऊन सांगितलें जाई, आणि रंगसफेदीसारखीं कामें हात रिकामे असलेल्या भाडेकऱ्यांसाठीं राखून ठेवलेलीं असत. उपदेशापेक्षां ही योजकता आम्हांस शतपटीनें मोलाची वाटते.

परंतु भाडें थकलें कीं घर सोडण्याची नोटीस मिळे. बाई हें लपवीत नाहींत, उलट त्यांत भाडेकऱ्याचें हितच मानतात. घर सोडून गेलेलीं कुटुंबें कोणत्या बोळांत जाऊन राहिलीं, याचा मात्र या चोख हिशेबांत जमाखर्च नाहीं. शेंकडा पांचांची भूतदया आपले गरीब निवडून घेते. गोदीवर रोज सकाळीं काम मिळेल कीं नाहीं याची शाश्वती नसलेला मजूर तिच्या दारांत फार दिवस टिकत नाहीं.

दुसरी उणीव याहून सूक्ष्म आहे. पीबॉडीच्या इमारतींत नियम कडक होते: घरांतील सर्वांनीं देवी टोंचून घेतलेल्या असाव्यात, भिंतींत खिळा ठोकूं नये, रात्रीं दरवाजा बंद होईल. पण नियमांच्या पाटीला कोणाचा नवरा दारू पितो हें ठाऊक नसतें. दर आठवड्यास भाडें मागावयास येणाऱ्या बाईस तें ठाऊक असतें. ती मैत्रीण आहे आणि मालकाची कारभारीणही आहे. तिच्यापाशीं मन मोकळें कसें करावें? या संबंधाविषयीं भाडेकरणींस काय वाटत होतें, तें त्यांच्या तोंडून पुस्तकांत जवळजवळ कोठेंच ऐकूं येत नाहीं. पूर्व लंडनांतील कॅथरिन बिल्डिंग्जमध्यें १८८५ सालापासून हेंच वसुलीचें काम केलेल्या बीअॅट्रिस वेब यांनीं आपल्या आत्मवृत्तांत (१९२६) त्याच्या फलश्रुतीविषयीं शंका प्रकट केली आहे. तें प्रकरण या पुस्तकाशेजारीं ठेवून वाचावें.

नगरसंस्थेनें घरमालक व्हावें, हें हिलबाईंस १९१२ सालीं त्या वारल्या तोंवर रुचलें नाहीं. लंडन कौंटी कौन्सिलची बाउंडरी स्ट्रीट येथील वसाहत तर १९०० सालींच खुली झाली होती. सवड थोडी असेल त्या वाचकानें निदान १८६९ सालचा, चार वर्षांच्या कारभाराचा लेख वाचावा. जिन्यांची आणि मोऱ्यांची इतकी वाचनीय हकीकत आमच्या पाहण्यांत दुसरी नाहीं.