‘सांभाळणारं कुणी आहे का?’ : एका प्रश्नाची उलटतपासणी

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. अहवालातला एखादा आकडा फार गोड वाटला, की तो कोणत्या प्रश्नातून आला ते आधी शोधा. आज तसाच एक आकडा बघू.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६वी फेरी जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये झाली. विषय होता अपंगत्व. अहवालानुसार ६२.१ टक्के दिव्यांगांना सांभाळणारं कुणीतरी आहे, ३७.७ टक्क्यांना गरज नाही आणि गरज असूनही कुणी नाही असे फक्त ०.३ टक्के. (बेरीज १००.१ येते, ती राउंडिंगमुळे. घाबरू नका.)

०.३! वाचून वाटतं, प्रश्न मिटलाच. पण विचारलं काय होतं? ‘कुणी आहे का?’ ‘कसं सांभाळतात?’ हे विचारलंच नव्हतं. रेशन कार्ड आहे म्हणून ताटात भाकरी आहे असं आपण धरत नाही ना, तसंच हे. दुसरी अडचण उत्तर देणाऱ्याची. अशा सर्वेक्षणात घरातली माहीतगार व्यक्ती इतरांच्या वतीने उत्तर देऊ शकते. ती बऱ्याचदा सांभाळणारीच असते. म्हणजे पेपर लिहिणाराच पेपर तपासतो.

ही अडचण मला पुस्तकात नाही, जुन्या जालन्यात कळली. पायलटसाठी गांधी चमनजवळच्या एका घरी गेले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) साठी ओलांडलेल्या काकू आणि त्यांचे चाळिशीतले दीर, बौद्धिक अक्षमता असलेले. कपडे स्वच्छ, औषधं वेळेवर, जेवण गरम. प्रत्येक प्रश्नाला काकूंचं उत्तर तयार: “मी हाय की.” काकू चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा मी दिरांना विचारलं, तुम्हाला काय आवडतं? ते म्हणाले, “रेल्वे.” स्टेशन जवळच आहे. शेवटचे कधी गेले होते, ते त्यांना आठवेना. माझ्या फॉर्ममध्ये ‘रेल्वे’ लिहायला रकानाच नव्हता.

मग मी इंग्लंडकडे वळले. तिथे ‘शेअर्ड लाइव्ह्ज’ नावाची व्यवस्था आहे. आधाराची गरज असलेली प्रौढ व्यक्ती, मान्यता आणि मोबदला मिळणाऱ्या सांभाळकर्त्याच्या घरी राहते, आणि ती योजना चालवणाऱ्या संस्थेची सरकारी तपासणी होते. केंट विद्यापीठातून आलेलं ‘अ‍ॅस्कॉट’ हे मोजमाप आठ गोष्टी बघतं: रोजच्या आयुष्यावरचा ताबा, स्वच्छता, खाणंपिणं, सुरक्षितता, लोकांत मिसळणं, वेळ कसा जातो, घराची अवस्था आणि सन्मान. मला वाटलं, मिळालं! भाषांतर करू आणि वापरू.

पण ते जसंच्या तसं इथे चालत नाही. ‘काय आणि कधी खायचं ते तुम्ही ठरवता का?’ असं दिरांना विचारलं तर उत्तर ‘नाही’. काकूंना विचारलं तरी ‘नाही’च! एका चुलीवरच्या घरात सगळ्यांचं जेवण एकच असतं. मग हा सांभाळण्यातला दोष की घराची रीत? आणि काकूंना ना पगार, ना सुट्टी, ना कुणी बदली. त्यांना इंग्लंडच्या पट्टीने मोजणं अन्यायाचंच.

म्हणून मी तुलना बदलली. इंग्लंडमधल्या माणसाशी नाही, त्याच घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाशी. काकूंच्या मुलाच्या खिशात पैसे असतात, दिरांच्या नसतात. मुलगा सांगून बाहेर पडतो, दिरांना कुणीतरी न्यावं लागतं. लग्नकार्याला मुलगा पंगतीत, दीर घरी. यातलं काही गरजेपोटी असेल, काही निव्वळ सवयीने. गुणवत्ता मोजायची ती या फरकातून. शिवाय दोघांना वेगवेगळं विचारायचं. चहा होईपर्यंतच्या पाच मिनिटांत नाही, ठरवून.

या पद्धतीतही खोट आहे. ज्यांना बोलता येत नाही त्यांचं काय? निरीक्षण करावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो. ते अजून मला जमलेलं नाही.

निघताना काकूंना यादीबाहेरचा प्रश्न विचारला: तुमच्यानंतर कोण? त्या कप उचलत म्हणाल्या, “त्येच तर.” सर्वेक्षणाच्या हिशेबात हे घर ६२.१ टक्क्यांत बसतं. काकूंचे गुडघे किती दिवस साथ देतील, ते त्या हिशेबात कुठेच नाही.

प्रश्नावली करताना हे लक्षात ठेवा. आणि हो, माझ्या फॉर्ममध्ये आता रेल्वेसाठी रकाना आहे.