‘आहे / नाही’च्या रकान्यात काय हरवतं?

दक्षिण आशियातल्या निवडणुकांवर संशोधन प्रस्ताव लिहायला घेतला की एक तक्ता हमखास येतो. उभ्या रांगेत देश, आडव्या रांगेत संस्था आणि चौकटीत ‘आहे’ किंवा ‘नाही’. परीक्षकाला तो नीटनेटका वाटतो, पण तुलना त्यातून होत नाही. यातला ‘काळजीवाहू सरकार’ हा एकच रकाना घेऊन बघू.

बांगलादेशात ही व्यवस्था १९९६च्या तेराव्या घटनादुरुस्तीने आली. प्रमुख कोण, तर नुकतेच निवृत्त झालेले सरन्यायाधीश. मग झालं काय? २००४मध्ये न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ६५वरून ६७ झालं आणि आपल्या सोयीचा माणूस बसवण्यासाठीच हे केलं, असा विरोधकांनी आरोप केला. भांडण मतदान केंद्रावरून थेट न्यायालयाच्या सेवानियमांत गेलं. शेवटी जानेवारी २००७ची निवडणूक रद्द झाली, आणीबाणी लागली, आणि लष्कराच्या पाठिंब्यावरचं काळजीवाहू सरकार जवळपास दोन वर्षं राहिलं.

पाकिस्तानात काळजीवाहू पंतप्रधान आधी मावळते पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते मिळून ठरवतात. तिथला वाद मुदतीवर आला. पंजाब आणि खैबर पख्तुनख्वाच्या विधानसभा जानेवारी २०२३मध्ये विसर्जित झाल्या. निवडणूक ९० दिवसांत व्हायला हवी होती, ती झाली फेब्रुवारी २०२४मध्ये.

आता भारत. तक्त्यात ‘नाही’ लिहून आपण मोकळे होतो. पण इथे सत्तेतलंच सरकार राहतं आणि त्याच्यावर आदर्श आचारसंहिता लागू होते. ती राबवतो निवडणूक आयोग. म्हणजे वाद आयुक्तांच्या नेमणुकीवर येणारच. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसद कायदा करेपर्यंत निवड समितीत सरन्यायाधीश असावेत असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्यात त्यांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री आला.

बघा, दोन ‘आहे’ एकमेकांसारखे नाहीत, आणि ‘नाही’सुद्धा रिकामा नाही. तिन्हीकडे प्रश्न एकच आहे: पंच कोण नेमतो, आणि त्याला मैदानावरून उतरवायचं कोणी?

तक्ता फाडून टाका असं मी म्हणत नाही. फक्त प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी लिहा: नेमणूक कोण करतो, मुदत कोण मोजतो, आणि नियम बदलल्यावर भांडण कुठे सरकलं. तिसरी चौकट भरता आली नाही, तर त्या देशाचं वाचन अजून बाकी आहे असं समजा.