पानी की पाणी?

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाला आलेल्या कथा मी बरीच वर्षं तपासल्या. भाषा स्वच्छ, पण वडशाच्या पोरांची पात्रं राहतात पुण्यात! दिवाळीपासून होळीपर्यंत इथं झाडीपट्टीची नाटकं चालतात, मंडळ्यांची कार्यालयं याच गावात आहेत. कथेत त्यातलं काहीच नाही. घरी ‘पानी’ म्हणणारी आजी कथेत ‘पाणी’ मागते. दोष पोरांचा नाही. आम्ही संपादक तसंच छापत आलो. म्हणून सांगतो, कथा पाठवताना निवेदनाचं शुद्धलेखन जरूर तपासा, पण आजीचं ‘पानी’ राखा. संपादकानं ते बदललं, तर कारण विचारा. निवड व्हावी म्हणून आपणच आधी स्वतःला खोडलं, तर छापून येतं फक्त नाव आपलं. कथा दुसऱ्याचीच राहते.