गिरणगाव : माहितीपत्रकातील आणि ‘अधांतर’मधील

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा मुंबईस नोकरीला आहे. गेल्या सुटीत देवगिरी एक्स्प्रेसने तो परभणीस आला, तेव्हा लोअर परळमधील एका उत्तुंग इमारतीचे माहितीपत्रक त्याच्या पिशवीत होते. सदनिकेची किंमत कोटींत असल्यामुळे घेण्याचा प्रश्न नव्हताच. घरच्यांना दाखवावे, एवढाच हेतू. हातोहाती फिरत ते आमच्यापर्यंत आले. गुळगुळीत कागदावरील तो मजकूर एखादी साहित्यकृती वाचावी तसा आम्ही सावकाश वाचला आणि त्याच रात्री जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक कपाटातून पुन्हा काढले. दोन्ही लेखनांची भूमी एकच आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

माहितीपत्रकाचा लेखक अडाणी नव्हे. केवळ विटा आणि संगमरवर विकून भागत नाही, हे तो जाणतो. म्हणून तो वस्तीचा जिव्हाळा, जुन्या मुंबईचा बाज, हाकेच्या अंतरावरील शेजार अशा गोष्टींची ग्वाही देतो. ज्या चाळींमुळे हा शेजार निर्माण झाला त्यांचा उल्लेख मात्र कोठेही नाही. बांधकाम व्यावसायिकांनी तर या परिसराला ‘अप्पर वरळी’ असे नवे नावही देऊन पाहिले. ‘लोअर’चे ‘अप्पर’ होण्यास एक शब्द पुरला!

कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हांला हे सहज वाचून बाजूस ठेवता येत नाही. मानवत आणि सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या पाहिलेल्या माणसाला गिरणी ही परकी वस्तू वाटत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. मग गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आला. पालिकेच्या मोकळ्या जागा, ‘म्हाडा’ची घरे आणि मालक अशी तिन्हींत वाटणी व्हावी, असे १९९१च्या नियमांचे सूत्र होते. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालची जमीन हिशेबातून वगळली गेली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कामगारांच्या वाट्याला आलेली घरे २२५ चौरस फुटांची. २०१२च्या सोडतीत ती ६,९२५ होती, आणि त्यांसाठी अर्ज करणारे दीड लाखाच्या आसपास!

आता साहित्याकडे वळू. चाळ म्हटली की आपल्या वाचकांस पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) आठवते. हसवून हसवून शेवटच्या ‘चिंतना’त ते चाळीच्या जाण्याने आपल्याला हळवे करतात. त्या पुस्तकावर आमचे प्रेम आहे; गुरुविद्यालयात असताना आम्ही ते लपून वाचले होते. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. चाळीविषयीचा तो हळवेपणा पुढे आपण सर्वांनी इतका वापरला, की आज तो माहितीपत्रकातही सुखाने नांदतो. हे पाप मूळ लेखकाचे नव्हे, आमच्यासारख्या वाचकांचे.

१९९७ साली रंगभूमीवर आलेले ‘अधांतर’ मात्र कोणत्याही माहितीपत्रकात बसणार नाही. संपानंतरच्या धुरी कुटुंबाची ती कथा आहे. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक गुंडांच्या वाटेला लागतो, मुलगी मंजू आपली सुटका शोधते, आणि आई घर सांभाळते. खोली एकच. माणसे परस्परांवर प्रेम करतात, परंतु त्यांना एकमेकांपासून दूर जायला जागाच नाही, म्हणून ती एकमेकांना बोचकारतात. दाटीवाटीला आपुलकी असे गोंडस नाव देणे पवारांनी नाकारले, यातच त्यांचे मोठेपण आहे. ते स्वतः गिरणगावात वाढले होते. पुढे २०१२ साली त्यांच्या ज्या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या नावातही आम्हांला मॉल झालेली फिनिक्स मिल दिसते.

आमची तक्रार एकच. चार भिंतींत एकवटलेल्या या नाटकात भजनी मंडळे, व्यायामशाळा, शाहिरी असे गिरणगावचे सार्वजनिक जीवन पुरेसे उतरत नाही. त्यासाठी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मौखिक इतिहासाकडे जावे लागते. केवळ नाटकावर विसंबणाऱ्यास वाटेल, की तेथे पाडण्याजोगेच सारे होते. तसे नव्हते.

शास्त्रपाठातील नाबोथची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. राजाने त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथने पूर्वजांचे वतन देण्यास नकार दिला आणि तो प्राणास मुकला. प्रवचनात ही गोष्ट आम्ही अनेकदा सांगितली. मात्र तिची एक बाजू ‘अधांतर’ वाचताना प्रथमच जाणवली. नाबोथ मालक होता. त्याच्यापाशी नाही म्हणण्याचा हक्क तरी होता. भाडेकरू धुरी कुटुंबाला कोणी विचारलेच नाही. गिरगावच्या खोताच्या वाडीतील आपल्या ईस्ट इंडियन बांधवांची गोष्ट निराळी. लाकडी जिने आणि व्हरांडे असलेली त्यांची घरे स्वतःची होती. तेथेही कित्येक घरे जाऊन इमारती आल्या; काही वेळा वारसांनीच सह्या केल्या. त्यांस दोष देण्यापूर्वी आम्ही थबकतो. वाटणीत आठ भावंडे आणि गळके छप्पर आलेल्या माणसाला वारशाचे महत्त्व सांगणे परभणीत बसून सोपे आहे.

तो मुलगा स्वतः कल्याणच्याही पलीकडे तिघांसह भाड्याच्या खोलीत राहतो. परळच्या कचेरीत पोहोचण्यास त्याला दीड तास लागतो. निघण्याच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला, तेव्हा आम्ही माहितीपत्रक त्याच्यापुढे ठेवले. ते त्याने नेले नाही. ‘अधांतर’ची प्रत मात्र मागून घेतली आणि आमच्या अंगणातच उभ्याने पहिली चार पाने वाचली. “फादर, ही तर आमचीच खोली!” एवढेच तो म्हणाला. प्रत अद्याप परत आलेली नाही.