खालून वर वाचायचा दगड

इजिप्तचा धडा शिकवताना मृतासोबत पुरलेल्या 'शाब्ती' मूर्तींविषयी आपण सांगतो. परलोकात शेतीच्या कामाचा हुकूम निघाला, तर मृताच्या वतीने या मूर्तीने 'हजर' म्हणायचे. म्हणून तिच्या हातात कुदळ. तुतनखामेनच्या थडग्यात अशा ४१३ निघाल्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक याप्रमाणे ३६५ मजूर, बाकीचे ४८ मुकादम!

मृतांसाठी घडवलेले दगड आपल्या बारामती-इंदापूरकडेही आहेत: वीरगळ. उजनी धरणात बुडालेले पळसदेवचे जुने देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात उघडे पडते, तेव्हा तिथले वीरगळ आणि सतीशिळाही दिसू लागतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. शेजारी गाई असतील तर तो गोधन राखताना मेला. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य.

शिल्प म्हणून वरच्या चौकटी मला, खरे सांगायचे तर, निराश करतात. इथून तिथून त्याच अप्सरा. पाथरवटाला त्या पाठच असाव्यात. उत्तरकाळातल्या शाब्तीही साच्यातूनच निघत. तळाशी मात्र त्याला विचारावे लागले असणार: वीर पायी होता की घोड्यावर? तलवार की भाला? समोर किती जण? आज उसाने हिरव्या झालेल्या या कमी पावसाच्या मुलखात गुरे हीच दौलत होती, हे ती चौकट सांगते. शाब्तीवर बहुधा मालकाचे नाव कोरलेले असते. आपल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही, म्हणून तळाची चौकट हीच साक्ष.

आणि नेमकी तीच आपण गाडतो. जीर्णोद्धारात वीरगळ चौथऱ्यात सिमेंटने बसवतात, वर ऑइलपेंट फासतात. मग कोणीतरी त्याला एखाद्या सरदाराचे नाव चिकटवतो. कशावरून, हे विचारायचे नाही!

वर्ग घेऊन जाल तेव्हा वहीत दोन रकाने आखायला सांगा: 'दिसते ते' आणि 'वाटते ते'. दगडाला खडू किंवा पावडर लावू नका. सकाळचे तिरपे ऊन पुरते.

एका गावात सिमेंटच्या वर मला नुसती शिंगे दिसली. खाली काय असेल, असे मुलांना विचारले. एका मुलीने शिंगे मोजली, सहा भरली, आणि दुसऱ्या रकान्यात लिहिले: तीन गाई.