'रात्रीचा प्रहर' : बायबलमधील एका ग्रीक शब्दाच्या मराठी रूपाचा अर्थविचार

प्रस्तावना :
अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे एक महत्त्वाचे केंद्र होय. 1831 मध्ये येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले, 1842 मध्ये 'ज्ञानोदय' निघाले आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांची साहित्यसेवा येथेच बहरली. या परंपरेची चर्चा बहुधा काव्य व चरित्र यांपुरती मर्यादित राहते. बायबलच्या मराठी शब्दकळेची चिकित्सा मात्र उपेक्षित राहिली आहे. प्रस्तुत लेखात रात्रीशी निगडित अशा एकाच शब्दाचा विचार करावयाचा आहे.

शब्दाचे स्वरूप :
नव्या करारात रात्रीसाठी 'नुक्स' हा शब्द येतो, तर रात्रीच्या विभागासाठी 'फुलाके' हा शब्द येतो. 'फुलाके'चा मूळ अर्थ पहारा. पहारेकरी, पहाऱ्याची पाळी आणि कारागृह हे त्याचेच इतर अर्थ. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात पेत्राचा तुरुंग आणि त्याने ओलांडलेल्या चौक्या या दोहोंसाठी हाच शब्द आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायातील मेंढपाळ रात्री कळप राखतात, तेथे 'नुक्स' व 'फुलाके' एकत्र येतात. म्हणजे ग्रीक वाचकाला रात्र घटकांनी नव्हे, तर जागणाऱ्या माणसांच्या पाळ्यांनी मोजलेली दिसते.

मराठी पर्याय :
येशू पाण्यावरून चालत आला त्या प्रसंगी (मत्तय 14, मार्क 6) प्रचलित मराठी बायबलात 'प्रहर' हा शब्द आढळतो. कालगणनेच्या दृष्टीने तो अत्यंत नेमका आहे. रोमन पद्धतीत रात्रीच्या चार पाळ्या होत्या. आपल्याकडेही रात्रीचे चार प्रहर मानतात. दोहोंकडे चौथा भाग म्हणजे स्थूलमानाने पहाटे तीन ते सहा. मात्र जुन्या करारातील इस्राएली रात्र तीन पाळ्यांची होती. गिदोनाने शत्रूच्या छावणीवर चाल केली ती 'मधल्या' पाळीच्या आरंभी (शास्ते 7). चार प्रहरांत 'मधला' असा प्रहरच नसतो. म्हणून तेथे 'प्रहर' योजल्यास वाचकाचा गोंधळ अटळ ठरतो.

दुसरा आक्षेप असा की, 'प्रहर' हा केवळ काळ सांगतो, राखण सांगत नाही. हा आक्षेप अंशतःच मान्य करता येईल. मराठीतील 'पहारा' हा शब्द 'प्रहर' याच शब्दापासून आलेला आहे. काळाचा भाग आणि त्या भागातील जागरण यांचे जे नाते ग्रीकमध्ये एका शब्दात आहे, ते मराठीत एका कुळातील दोन शब्दांत विभागले गेले. गावगाड्यातील 'जागल्या' किंवा शेतातील 'राखण' यांची जाण असलेल्या वाचकाला हा संबंध सहज जाणवतो. केवळ घड्याळावर वाढलेल्या वाचकाला तो दाखवून द्यावा लागतो.

निष्कर्ष :
पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. सोपेपणा आणि मूलनिष्ठा यांतील ताण त्या कार्यात होता, तो आजच्या भाषांतरकारापुढेही आहे. 'प्रहर' हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. परंतु ज्या उताऱ्यांत मालकाची वाट पाहणारे चाकर अथवा चोराची चाहूल घेणारा घरधनी आहे (लूक 12, मत्तय 24), तेथे 'पहारा' हाच शब्द अधिक न्याय देईल. कारण तेथे प्रश्न किती वाजले हा नसून, कोण जागे आहे हा आहे.